लग्न, लिव्ह-इन आणि मुलं: कोणता कागद किती कामाचा?

वाचकांचे प्रश्न, कुटुंब न्यायालयात काम करणाऱ्या वकिलांची उत्तरं. या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच घोळ दिसतो. लोक चुकीच्या कागदावर निर्धास्त राहतात आणि खऱ्या कामाचा कागद करायचाच राहून जातो. खालची उत्तरं मुख्यतः हिंदू विवाह व वारसा कायद्यांना धरून आहेत. हे कायदे बौद्ध, जैन आणि शीख वाचकांनाही लागू आहेत. जिथे मुद्दा सर्व धर्मांसाठी आहे, तिथे तसं म्हटलं आहे.

आम्ही आळंदीला एका विवाह संस्थेत लग्न केलं. संस्थेने फोटोसह दाखला दिला. आता व्हिसासाठी तो दाखला चालत नाही म्हणतात. मग आमचं लग्न झालं की नाही?

विधी झाले असतील तर लग्न झालं. संस्थेचा दाखला म्हणजे मात्र नोंदणी नव्हे. तो फार तर विधी झाल्याचा एक पुरावा.

महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार लग्न झाल्यापासून ९० दिवसांत विवाह निबंधकाकडे नमुना ‘ड’ भरून नोंदणी करायची असते. शहरात हे काम महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात किंवा नगरपालिकेत होतं, गावात ग्रामपंचायतीत. दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्नाचा फोटो, पत्रिका असल्यास पत्रिका, तीन साक्षीदार आणि विधी लावणाऱ्या पुरोहिताची माहिती व सही, एवढं लागतं. ९० दिवस उलटून गेले असले तरी विलंब शुल्क भरून नोंदणी होते. उशीर झाला म्हणून लग्न बाद होत नाही. बहुतेक अर्ज अडतात ते पुरोहिताच्या सहीपाशी. दोन-चार वर्षांनी ते गुरुजी सापडत नाहीत. म्हणून त्यांचं नाव, पत्ता आणि सही त्याच दिवशी घेऊन ठेवावी.

याची उलट बाजू त्याहून महत्त्वाची आहे. विधी न करता नुसता दाखला किंवा नोंदणी प्रमाणपत्र मिळवलं, तर हिंदू विवाह कायद्याखाली लग्न होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये हे स्पष्ट सांगितलं आहे. परदेशी जायची घाई म्हणून ‘आधी कागद करू, मग लग्न करू’ असं ठरवणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं.

विधी नकोच असतील तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. लोक त्याला ‘कोर्ट मॅरेज’ म्हणतात, पण ते कोर्टात होत नाही, विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात होतं. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. नोटीस दिल्यावर ३० दिवस हरकतींसाठी थांबायचं आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर लग्न करायचं. तीन महिने उलटले तर नोटीस पुन्हा द्यावी लागते. अनेकांची तारीख इथेच चुकते.

मी हिंदू, ती ख्रिश्चन. विशेष विवाह कायद्याने लग्न केलं तर वडिलोपार्जित मालमत्तेतला माझा हक्क जातो का?

हक्क जात नाही. मात्र लग्नाबरोबर एकत्र कुटुंबातून तुम्ही कायद्याने विभक्त झालात असं धरलं जातं. तोवरचा हिस्सा तुमचाच राहतो. पुढे तुमच्या मालमत्तेचा वारसा हिंदू वारसा कायद्याने न ठरता भारतीय वारसा कायद्याने ठरेल. दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तर यातलं काहीच लागू होत नाही.

आम्ही सहा वर्षं एकत्र राहतो, लग्न केलेलं नाही. ‘पाच वर्षं झाली की आपोआप नवरा-बायको’ असं एकाने सांगितलं. दुसरा म्हणतो, नोटरीकडे लिव्ह-इनचा करार करून घ्या. काय करावं?

पाच वर्षं, सात वर्षं असा कोणताही आकडा आपल्या कायद्यात नाही. दोन सज्ञान व्यक्तींनी लग्नाशिवाय एकत्र राहणं गुन्हा नाही. महाराष्ट्रात त्यासाठी नोंदणीची सक्तीही नाही. ज्या बातम्या तुम्ही वाचता त्या उत्तराखंडच्या समान नागरी कायद्याच्या आहेत.

नोटरी केलेला करार भाडं कोण भरेल, सामान कोणाचं, एवढ्यापुरता ठीक. त्याने कोणी पती किंवा पत्नी होत नाही आणि वारसही होत नाही. लाल शिक्का पाहून लोकांना उगाच धीर येतो, इतकंच.

मग कायदा काय देतो? स्त्रीला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं संरक्षण आहे, कारण त्यात ‘विवाहसदृश संबंध’ धरलेला आहे, आणि तो सर्व धर्मांसाठी आहे. पण प्रत्येक एकत्र राहणं त्यात बसत नाही. दोघंही लग्नाच्या वयाचे आणि लग्न करण्यास मोकळे आहेत का, बराच काळ एकत्र राहिले का, समाजात जोडपं म्हणून वावरले का, हे न्यायालय पाहतं. पुरुष विवाहित आहे हे माहीत असूनही ती त्याच्यासोबत राहिली असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार हे संरक्षण सहसा मिळत नाही. म्हणून दोघांच्या नावाचा भाडेकरार, एकाच पत्त्यावरची आधार कार्डं, संयुक्त खातं, हे पुरावे जपून ठेवा. या कायद्याने घरात राहण्याचा हक्क, खर्च आणि भरपाई मिळू शकते. घराची मालकी मिळत नाही.

दीर्घकाळ पती-पत्नीसारखं राहिलेल्या जोडप्याचं लग्न झालेलं असावं, असं न्यायालय गृहीत धरू शकतं. २०२२ मध्ये केरळमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असं धरूनच मुलाला मालमत्तेत वाटा दिला. पण हे गृहीतक खोडता येतं. तुम्हीच सगळीकडे ‘अविवाहित’ असं लिहून देत असाल, तर ते टिकणार नाही. ज्यांनी ठरवून लग्न केलेलं नाही, त्यांनी यावर विसंबू नये.

तुमच्यासाठी खरा कागद म्हणजे मृत्युपत्र. मृत्युपत्राशिवाय एकाचं निधन झालं तर सगळं आई, भाऊ, पुतणे अशा कायदेशीर वारसांकडे जातं. दुसऱ्याला काहीच मिळत नाही. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, साध्या कागदावर चालतं. नोंदणी ऐच्छिक आहे, पण घरच्यांचा विरोध अपेक्षित असेल तर जरूर करावी. करणाऱ्याने दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि त्या दोघांनी त्याच्यासमोर. ज्याला मालमत्ता मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. वडिलोपार्जित मालमत्तेतला स्वतःचा हिस्साच देता येतो, सगळी जमीन नाही.

‘नॉमिनी लावलाय’ यावर समाधान मानू नका. बँक ठेवी आणि शेअर्स यांत नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा माणूस असतो, मालक वारसच ठरतात. भविष्यनिर्वाह निधीत तर कुटुंबातली व्यक्ती असताना बाहेरच्याला नॉमिनी करताच येत नाही. पुरुष सदस्याचे अवलंबून असलेले आई-वडील त्या व्याख्येत येतात, लग्न न केलेला जोडीदार येत नाही. जिवंतपणी भेट द्यायची तर लक्षात घ्या: पत्नीला दिलेली भेट तिच्या हाती करमुक्त असते, पण लग्न न केलेला जोडीदार आयकर कायद्याच्या दृष्टीने ‘नातेवाईक’ नाही. वर्षाला मिळालेल्या भेटी ५०,००० रुपयांच्या वर गेल्या की संपूर्ण रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते.

आजारपणासाठी वैद्यकीय पूर्वनिर्देश करून ठेवा. उपचार थांबवण्याचा निर्णय घ्यायची वेळ आली तर कोणाचं ऐकायचं, ते त्यात लिहिता येतं. २०२३ पासून पद्धत सोपी झाली आहे. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत.

आमचं लग्न झालेलं नाही आणि बाळ होणार आहे. जन्मदाखला, आडनाव, शाळा, वारसा यांत मुलाचं काय?

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. रुग्णालय माहिती पाठवतं, पण नावं नीट गेली आहेत का ते तुम्हीच तपासा. पुढे दुरुस्तीला फार वेळ जातो. आई एकटी असेल आणि वडिलांचं नाव द्यायचं नसेल, तर तिच्या शपथपत्रावर दाखला द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं आहे. खिडकीवरच्या कारकुनाला हे ठाऊक नसण्याची शक्यता धरून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नकार द्यायचा असेल तर तोही लेखी मागा. पासपोर्टलाही एकाच पालकाचं नाव चालतं. शिवाय महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आहे. त्यामुळे आईचं नाव आता कुठे गाळलं जात नाही.

पालकत्वात अशा मुलाची पहिली नैसर्गिक पालक आई असते, तिच्यानंतर वडील. विवाहितांच्या मुलांच्या बाबतीत कायद्याची भाषा उलट आहे: आधी वडील, मग आई. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या ‘मग’चा अर्थ ‘वडील लक्ष घालत नसतील तेव्हाही’ असा सैल केला.

पोटगीत कायदा मुलामुलांत फरक करत नाही. आई-वडिलांचं लग्न झालेलं असो वा नसो, सांभाळण्याची जबाबदारी वडिलांवर आहेच. ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली मागता येते. जुनं कलम १२५ ते हेच. ते कोणत्याही धर्माच्या मुलाला लागू आहे.

वारशात मात्र फरक आहे, आणि तो बहुतेकांना माहीत नसतो. आई-वडिलांचं लग्न झालं पण ते कायद्याने रद्दबातल ठरलं, तर मुलं औरस धरली जातात आणि दोघांकडूनही वारसा मिळतो. लग्न झालंच नसेल, तर मूल आपोआप वारस होतं ते फक्त आईचं. वडिलांकडून काही मिळावं असं वाटत असेल तर वडिलांनी मृत्युपत्र करायलाच हवं. बाळ व्हायच्या आधी केलेलं मृत्युपत्र असेल तर ते बदलून घ्या.

नोकरीच्या ठिकाणी सांगतात, लग्न नाही तर प्रसूती रजा नाही.

चूक आहे. मातृत्व लाभ कायद्यात ‘विवाहित’ अशी अट नव्हती आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही नाही. आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे रजा मिळते. अर्ज लेखी करा आणि संहितेचं नाव त्यात लिहा.

माझ्या पतीने पहिल्या बायकोला स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी दिली होती. मग आमचं लग्न झालं. पंधरा वर्षं संसार झाला, मुलगा बारा वर्षांचा आहे. आता पहिली बायको आणि तिचा मुलगा जमिनीत हिस्सा मागतात. माझं आणि माझ्या मुलाचं काय?

सोडचिठ्ठी, फारकतनामा, काडीमोड, नाव काहीही असो, स्टॅम्प पेपरवर घटस्फोट होत नाही. एखाद्या समाजात तशी जुनी, सलग चालत आलेली रूढी असेल तर कायदा ती मानतो. पण रूढी न्यायालयात पुराव्याने सिद्ध करावी लागते, ‘आमच्यात असंच चालतं’ एवढ्याने भागत नाही. रूढी सिद्ध झाली नाही तर पहिलं लग्न कायम राहतं, तुमचं लग्न सुरुवातीपासून रद्दबातल ठरतं आणि पतीच्या मागे पत्नी म्हणून वारसाहक्क तुम्हाला मिळत नाही.

तुमच्या मुलाची स्थिती तुमच्यापेक्षा खूप बरी आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ ने तो औरस आहे. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत त्याला पहिल्या बायकोच्या मुलाइतकाच वाटा आहे. वडिलोपार्जित जमिनीत तो जन्माने सहहिस्सेदार नाही, पण वडिलांच्या वाट्याला जे आलं असतं त्यात त्याचा हिस्सा आहे. सप्टेंबर २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हे पक्कं केलं.

हिशेब असा. वडिलोपार्जित जमीन ९ एकर आहे. वडील, पहिली बायको आणि तिचा मुलगा एवढेच हिस्सेदार आहेत, आजी हयात नाही. वडील मृत्युपत्राशिवाय वारले तर मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असं धरायचं. आपल्याकडे बाप-लेकाच्या वाटणीत आईलाही हिस्सा मिळतो, म्हणजे प्रत्येकी ३ एकर. आता वडिलांचे ३ एकर त्यांच्या वारसांत जातील: पहिली बायको, तिचा मुलगा आणि तुमचा मुलगा, प्रत्येकी १ एकर. शेवटी तुमच्या मुलाला १ एकर, त्या दोघांना ४-४ एकर. आजी हयात असती तर वडिलांच्या ३ एकरांचे चार भाग झाले असते.

वडील हयात असतील तर त्यांनी आपल्या हिश्श्यापुरतं मृत्युपत्र तुमच्या नावे करावं. हाच सर्वात स्वस्त उपाय. सातबाऱ्यावर तुमचं नाव चढवलंय म्हणून थांबू नका. फेरफार महसुलासाठी असतो, मालकी त्याने ठरत नाही.

तुमच्या स्वतःच्या पोटगीचा रस्ता पूर्ण बंद नाही. पहिलं लग्न लपवून फसवणूक झाली असेल तर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अशा पत्नीला पोटगी मान्य केली आहे. लग्न रद्दबातल ठरलं तरी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली कायमची पोटगी मागता येते, असं २०२५ मध्ये सांगितलं आहे, पण ती देणं न्यायालयाच्या मर्जीवर आहे. तुम्हाला ‘सोडचिठ्ठी झालीय’ असं सांगितल्याचा पुरावा असेल तर तो जपा: तो स्टॅम्प पेपर, पत्रिका, मध्यस्थांची नावं.

परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचा आहे. एक मुलगी आहे, सात वर्षांची. कागदात काय काय लिहावं?

आधी वेळ. एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं. एकाच छपराखाली राहून पती-पत्नीचे संबंध नसतील तरी ते वेगळं राहणंच. अर्ज दाखल झाल्यावर सहा महिने थांबायचं आणि १८ महिन्यांच्या आत दुसऱ्यांदा दोघांनी हजर राहून संमती द्यायची. २०१७ पासून न्यायालय हे सहा महिने माफ करू शकतं, पण अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं राहणं झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत आणि पोटगी, मुलांचा ताबा, सगळं मिटलेलं असावं. माफीचा अर्ज पहिल्या तारखेनंतर आठवड्याने करता येतो.

हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून सगळे पैसे पहिल्याच तारखेला देऊ नका आणि सगळे शेवटी घेऊ असंही म्हणू नका. काही रक्कम पहिल्या तारखेला आणि उरलेली दुसऱ्या तारखेला, न्यायालयासमोर डिमांड ड्राफ्टने, ही पद्धत चांगली.

कागदात नेहमी राहून जाणाऱ्या गोष्टी या. गृहकर्जात दोघं सहकर्जदार असतील तर हुकूमनामा बँकेला बांधील नसतो. नवऱ्याने हप्ते थकवले की नोटीस बायकोलाही येते. बँकेकडून लेखी नाव कमी करून घ्या, नाहीतर कर्ज फेडण्याची तारीख आणि न फेडल्यास काय, ते लिहा. फ्लॅट एकाच्या नावे करायचा असेल तर घटस्फोटाआधी बक्षीसपत्र करा. राहत्या घराचं पती-पत्नीमधलं बक्षीसपत्र महाराष्ट्रात २०० रुपये मुद्रांक शुल्कात होतं, काही ठिकाणी स्थानिक अधिभार वेगळा पडतो. घटस्फोटानंतर तुम्ही पती-पत्नी नसता आणि सवलत जाते. स्त्रीधनाची यादी वजनासह जोडा. सुरू असलेल्या प्रत्येक केसचा क्रमांक आणि ती कोण, कधी मागे घेईल ते लिहा.

मुलीसाठी ‘वडील वेळोवेळी भेटतील’ हे वाक्य कधीही लिहू नका. पुढची सगळी भांडणं त्याच वाक्यातून निघतात. कोणता वार, किती ते किती, कुठून नेणं आणि कुठे सोडणं, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची, व्हिडिओ कॉल कधी, पासपोर्टवर सही कोण देणार, हे सगळं लिहा. फी आणि आजारपणाचा खर्च रकमेत न लिहिता वाट्यात लिहा, म्हणजे दरवर्षी वाद नको. ‘मुलीसाठी भविष्यात काहीही मागणार नाही’ असं आईने लिहून दिलं तरी ते मुलीला बांधील नाही. तिच्या पोटगीचा आणि ताब्याचा प्रश्न परिस्थिती बदलली की पुन्हा काढता येतो.

पतीला मूल स्वतःचं नसल्याचा संशय आहे. डीएनए चाचणी मागता येईल?

मागता येईल, मिळणं अवघड. लग्न टिकून असताना, किंवा ते संपल्यावर आईने दुसरं लग्न केलेलं नसताना २८० दिवसांत जन्मलेलं मूल कायद्याने त्या पतीचंच. त्या काळात दोघांचा संबंध येणं शक्यच नव्हतं, हे सिद्ध झालं तरच ते खोडता येतं. मुलाच्या चाचणीचा आदेश सरसकट देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बजावलं आहे.

पोटगीचा हुकूम झाला, पण आठ महिने एक रुपया आला नाही.

हुकुमाची प्रमाणित प्रत, तुमच्या बँक खात्याचा उतारा आणि महिनावार थकबाकीचा तक्ता घेऊन त्याच न्यायालयात वसुलीचा अर्ज करा. कलम १४४ च्या हुकुमासाठी मोठी अट म्हणजे रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज व्हायला हवा. ‘देईल कधीतरी’ म्हणून वाट पाहत बसलात की मागचे महिने हातातून निसटतात. पगारदार असेल तर त्याच्या कार्यालयाचं नाव आणि पत्ता द्या, पगारातून कपातीचा आदेश मागता येतो. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, पण कैद भोगली म्हणून थकबाकी माफ होत नाही.

ज्यांचा हुकूम अजून व्हायचा आहे त्यांच्यासाठी: २०२० पासून दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं शपथपत्र देणं सक्तीचं आहे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. म्हणून तडजोडीची बोलणी चालू असली तरी अर्ज टाकून ठेवा. तुम्ही कमावत्या असाल तर रक्कम कमी होईल, हक्क त्याने संपत नाही. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. जाताना हुकुमाच्या दोन झेरॉक्स सोबत ठेवा.